पहारीची खाच

माझ्या लेकीच्या शाळेने तिला नेहमीसारखा ज्वालामुखी करायला सांगितला असता, तर आम्ही माल्टाला कधीच गेलो नसतो. पण या वेळी विषय आला 'प्राचीन काळी माणसं जड वस्तू कशी हलवत'. तोही आमच्या घरात! मी सिंगापुरात तुआसच्या एका जहाजबांधणी यार्डात लिफ्टिंग इंजिनिअर आहे. जहाजाचे शेकडो टनांचे तुकडे क्रेनने उचलायचे असतात, तेव्हा वायर कुठे बांधायची, कोन किती ठेवायचा, वारा किती चालेल, हे सगळं मी ठरवते. माझे वडील, अण्णा, मुंबईच्या एका गोदीत खलाशी म्हणून लागले आणि मुकादम होऊन निवृत्त झाले. खलाशी म्हणजे बोटीवरचा नव्हे. अवजड यंत्रं दोरखंड, साखळ्या आणि पहारी लावून हलवणाऱ्या टोळीतला. जिथे क्रेन पोचत नाही तिथे अण्णांची टोळी पोचायची.

तर शनिवारची सकाळ होती. जुराँग वेस्टच्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर लेकीने मळलेल्या रंगीत मातीची लादी केली होती आणि तिच्याखाली काचेच्या गोट्या मांडल्या होत्या. अण्णा खिडकीपाशी त्यांच्या ठरलेल्या खुर्चीत बसले होते.

"आजोबा, लुक. खाली स्टोन बॉल्स, वर स्लॅब, अँड देन यू पुश. सो इझी लाह," ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

"गोट्यांवर?" अण्णा म्हणाले.

लेकीने टॅब त्यांच्या नाकासमोर धरला. माल्टा नावाच्या बेटावर पाच हजार वर्षांहून जुनी दगडी देवळं आहेत. त्यातल्या एकापाशी दगडाचे गोल गोळे सापडले, आणि मोठमोठ्या शिळा या गोळ्यांवरून सरकवत आणल्या असाव्यात असं काही जाणकारांचं म्हणणं आहे. अण्णांनी चष्मा वर केला, खाली केला, फोटो मोठा करायला लावला.

"वीस टनांचा दगड गोट्यांवर? अगं, त्या रुतून बसतील, नाहीतर फुटतील. ज्याने हे लिहिलंय त्याने जन्मात पहार धरलेली नाही."

मी स्वयंपाकघरात पोह्यांना फोडणी देत होते. हातातला झारा तसाच राहिला, कारण गेल्या चार-पाच महिन्यांत अण्णा एका दमात एवढं बोलले नव्हते.

आई गेल्यावर मी अण्णांना गुहागरजवळच्या आमच्या गावातून इकडे आणलं. दिवसकार्य झाल्या झाल्या कागदपत्रं केली, इथे राहण्याचा पास काढला, घराला कुलूप लावलं आणि त्यांना विमानात बसवलं. नवरा बोटीवर चीफ इंजिनिअर, वर्षातले सात-आठ महिने समुद्रात. त्यामुळे घरात मी, लेक आणि अण्णा. दोनेक वर्षं बरी गेली. मग एक दिवस मी कामावर असताना अण्णा स्टुलावर चढून ट्यूब बदलायला गेले आणि पडले. उजवं मनगट मोडलं. ते जुळून आलं, पण पकड पहिल्यासारखी राहिली नाही. फिजिओथेरपीवालीने रबरी चेंडू दाबायला दिला होता. अण्णा तो टीव्हीवर ठेवून द्यायचे.

माझ्या नाकावर राग असतो, हे यार्डातली चिनी, तमिळ, बांगलादेशी सगळी माणसं सांगतील. अण्णा पडल्यावर मी घरात यार्डाचेच नियम लावले. स्टूल कपाटात. ड्रिल कुलपात. गॅस मी असतानाच. खाली पायी जायचं तर फोन करून. त्यांचा पासपोर्ट माझ्या फाइलमध्ये आधीपासूनच होता, तो तसाच राहिला. अण्णा एकदाही भांडले नाहीत. दिवाळीनंतर एका संध्याकाळी एवढंच म्हणाले, "शाळेला सुट्टी लागली की मी गावी जातो. कायमचा." मी म्हटलं, "एकटे? या हाताने?" ते गप्प झाले ते गप्पच. पण ते ठरवून बसले होते, आणि मी त्यांना जाऊ द्यायचं नाही हे ठरवून बसले होते. आमच्या घरात त्या दिवसांत दुसरं काही चाललेलंच नव्हतं म्हणा ना.

त्यामुळे त्या शनिवारी गोट्यांवरून आजा-नातीत जुंपलेली बघून मला काय आनंद झाला सांगू! लेक म्हणाली, "आजोबा, तू पाहिलंय का? नो राइट? मग कसं सांगतोस?" अण्णा म्हणाले, "पाहायला कशाला हवं? दगड तो दगड. गुहागरचा काय आणि मालटाचा काय." पोहे गार झाले तरी दोघं हटेनात.

रात्री मी त्या देवळांचे फोटो उघडले आणि माझीच झोप उडाली. मी दिवसभर स्क्रीनवर बाण आणि कोन बघते. एखादा तुकडा उचलायचा तर आमच्याकडे पंधरा सह्या लागतात. आणि इथे कुणीतरी लोखंडाचा तुकडाही हाताशी नसताना वीस टनांच्या शिळा समुद्रकाठच्या टेकडीवर उभ्या केल्या होत्या. एकीला एक इतकी चिकटून की मध्ये हात जाणार नाही! मला ते बघायचंच होतं. अण्णांसाठी, लेकीसाठी वगैरे नंतर. आधी मलाच.

व्हिसाची कटकट, बँकेची पत्रं, अण्णांचा नकार आणि लेकीचा "आजोबा, यू स्केअर्ड इज इट?" हा टोमणा, हे सगळं पार करून मार्चच्या सुट्टीत आम्ही निघालो. चांगी विमानतळावर पासपोर्ट मी वाटले आणि प्रत्येक काउंटरनंतर परत गोळा केले. इस्तंबूलला विमान बदललं, तिथेही तेच. अण्णा निमूटपणे हात पुढे करून पासपोर्ट देत होते.

माल्टा मला विमानातूनच आवडलं. सगळं बेट पिवळसर, बिस्किटाच्या रंगाचं. घरं त्याच दगडाची, कुंपणं त्याच दगडाची. दुसऱ्या दिवशी सकाळी बसने निघालो तेव्हा दोन्ही बाजूंना हिरवी शेतं, त्यात पिवळी रानफुलं आणि वारा असा की लेकीचे केस तिच्याच तोंडात. अण्णांनी कानटोपी घातली होती. बसमध्ये त्यांनी मला विचारलं, "दगड ठिसूळ दिसतोय. खाण जवळ असेल, नाही?" मी म्हटलं, "वाचलं नाही." ते म्हणाले, "वाचायचं कशाला, बघ ना बाहेर." मला हसू आलं. सिंगापूरला ते मला 'आज पाऊस आहे का' याच्या पलीकडे काही विचारत नसत.

आम्ही गेलो त्या देवळाला तिथले लोक हाजर ईम म्हणतात. उंचावर आहे, समोर उतार आणि खाली निळाशार समुद्र. वरून आता मोठं पांढरं छप्पर ताणलंय, दगड पावसाने झिजू नयेत म्हणून. त्या छपराखाली मी पहिल्यांदा तो दर्शनी दरवाजा पाहिला. दोन उभ्या शिळा, वर आडवी शिळा, आत आणखी एक दरवाजा, त्याच्या आत आणखी एक. मी लेकीचा दंड धरून म्हटलं, "बघ, बघ, ती वरची शिळा बघ! कशी ठेवली असेल!" ती म्हणाली, "आई, यू आर शाउटिंग." मी ओरडतच होते. आजूबाजूची चार माणसं बघत होती. बघू देत.

मागे वळून पाहते तर अण्णा चपला काढत होते.

"अण्णा, काय करताय? फरशी गार आहे."

"देवळात चप्पल घालून जायचं?"

"अहो, आता हे तसं देऊळ नाही. इथे कुणी पूजा करत नाही."

"पूजा बंद झाली म्हणून देऊळ उठलं का?" अण्णा म्हणाले.

बरं, चपला काढल्या त्या काढल्या, पण दोन्ही एका ठिकाणी ठेवतील तर ते अण्णा कसले. आमच्याकडे देवळात जाताना एक चप्पल एका बाजूला आणि दुसरी लांब दुसऱ्या बाजूला ठेवायची पद्धत आहे. एकटी चप्पल कोण चोरणार? अण्णांनी डावी चप्पल दरवाजाच्या कडेला शिळेच्या पायाशी ठेवली आणि उजवी हातात घेऊन ते भिंतीच्या कोपऱ्यावरून पलीकडे दिसेनासे झाले.

"आजोबा! नोबडी वॉन्ट्स युवर चप्पल, लाह!" लेक ओरडली.

मी म्हटलं येतील. देवळाच्या आतल्या गोल खोल्या बघण्यात मी हरवून गेले. कोरलेले ठिपके, दगडातली भोकं, दगडी चौथरे. पाचेक मिनिटांनी भानावर आले तर अण्णा नाहीत. गार दगड, अनवाणी पाय, बाहेर खडबडीत जमीन आणि तो हात. माझं डोकं सटकलं. भिंतीला वळसा घालून मी जवळजवळ धावतच गेले. अण्णा जमिनीवर होते. दोन्ही गुडघे टेकलेले, डावा हात मातीवर, मान खाली.

"अण्णा!"

"ओरडू नकोस," ते मान वर न करता म्हणाले. "इकडे ये. हे बघ."

ते पडले नव्हते. चप्पल शिळेखाली नीट सरकवायला वाकले होते, आणि शिळेच्या खालच्या कडेला त्यांना एक खाच दिसली होती. वीतभर रुंद, आत गेलेली, कडा गुळगुळीत झालेली. मी शंभर माणसांसारखीच तिच्यावरून नजर फिरवून पुढे गेले असते.

"काय आहे हे?" मी विचारलं.

"काय आहे म्हणजे? पहारीची खाच!" अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे असे चमकत होते की मी आईच्या आजारपणानंतर ते तसे पाहिलेच नव्हते. "शिळा उभी करून झाली. पण जागच्या जागी बसायला थोडी सरकवायला हवी. मग खाली टोक घालायला जागा नको? ती आधीच कोरून ठेवलीय. आम्ही पण ठेवायचो. लाकडी पेटी असली तर खाली ठोकळा मारून फट ठेवायची. अगं, ही आपली माणसं होती!"

"आपली?"

"खलाशी," अण्णा म्हणाले.

मग त्यांना धीर कुठला! ते गुडघ्यांवरूनच पुढच्या शिळेकडे सरकले. तिथेही खाच. त्यांनी लेकीला हाक मारली, मला बाजूला केलं, माझी घडीची छत्री मागून घेतली आणि तिचं टोक खाचेसमोर, दगडाला न लावता, हवेत धरलं. नेमक्या त्याच क्षणी तिथली पहारेकरी बाई आली. माझ्याच वयाची, निळं जाकीट घातलेली. दगडांना हात लावायचा नाही आणि जमिनीवर बसायचं नाही, हे तिने इंग्रजीत, पण चांगल्या कडक आवाजात सांगितलं. मी माफी मागायला तोंड उघडलं तोच अण्णा मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाले, "मॅडम, धिस इज फॉर क्रोबार. आय डू धिस जॉब. फॉर्टी इयर्स."

बाई थांबली. तिने खाच पाहिली, छत्री पाहिली, कानटोपी घातलेल्या अनवाणी म्हाताऱ्याकडे पाहिलं. म्हणाली, बरोबर आहे, अभ्यासकांनाही तसंच वाटतं, पण हे काम केलेला माणूस मला आजवर भेटला नव्हता. आणि तिने विचारलं, तुम्ही कसं केलं असतं?

त्याची काय मजा सांगू! अण्णांनी लेकीला आणि मला एका नसलेल्या शिळेच्या मागे उभं केलं. बाईला दुसऱ्या टोकाला उभं करून 'ठोकळे' दिले, म्हणजे तिने हात पुढे करून ठोकळे असल्यासारखं दाखवायचं. एक जर्मन की डच जोडपं रेंगाळत होतं, त्यांनाही ढकलायला लावलं. पहार, म्हणजे माझी छत्री, अण्णांच्या हातात.

"पहार धरणारा एकच," ते म्हणाले आणि मी भाषांतर करत गेले. "बाकी सगळे ढकलणारे. ढकलणाऱ्याला दगड दिसत नाही, पाठच दिसते. पहारवाल्याच्या हाताला दगड कळतो. तो सांगेल तेव्हाच हलायचं. पहिल्यांदा चार बोटं उचलायचा. फक्त चार बोटं. मग थांबायचं. बघायचं, ऐकायचं. दगड कुठे जायला मागतोय? मग पुढे. हां, हईशा!"

आणि आम्ही सगळ्यांनी, त्या परदेशी जोडप्यासकट, भूमध्य समुद्राच्या काठी "हईशा!" असं ओरडून काहीच नसलेल्या जागेवरचं काहीच हलवलं. लेक हसून हसून खाली बसली. बाईने या वेळी तिला उठवलं नाही.

मग बाई आम्हाला सगळ्यात मोठ्या शिळेकडे घेऊन गेली. बाहेरच्या भिंतीत आडवी बसवलेली, बसच्या अर्ध्या लांबीची तरी असेल. अण्णा माझ्याकडे वळले.

"सांग."

हा आमचा जुना खेळ. मी आठ-नऊ वर्षांची असताना गोदीत वर्षातून एकदा कामगारांच्या घरच्यांना आत सोडायचे. अण्णा मला नांगर, जहाजाचा पंखा, बॉयलर दाखवून विचारायचे, सांग, वजन किती? मी चुकायचे, ते हसायचे आणि का चुकले ते सांगायचे. माझं इंजिनिअरिंग त्या गोदीतच सुरू झालं, कॉलेज नंतर.

मी फोन काढला.

"फोन नाही. डोळ्यांनी."

"अण्णा, त्याला पद्धत असते. लांबी, उंची, जाडी, दगडाची घनता..."

"उंटावरून शेळ्या हाकायची सवय लागलीय तुला. डोळ्यांनी सांग."

"अठ्ठावीस टन."

अण्णा शिळेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले, अनवाणी, हात मागे बांधून. "बावीस. दगड हलका आहे, समुद्राच्या वाऱ्याने खाल्लाय." बाई हसली आणि म्हणाली, वीसच्या थोडं वर असं आम्ही सांगतो. लेकीने टाळ्या वाजवल्या. यार्डात माझ्या आकड्यावर पंधरा माणसं सही करतात आणि इथे मी सहा टनांनी आपटले होते. तरी मला इतका आनंद कधी झाला नसेल.

दुपारी आम्ही उताराकडच्या एका बाकावर बसलो. समोर समुद्रात एक छोटं खडकाळ बेट होतं. लेक फोटो काढत पुढे गेली होती. मी अण्णांना संत्रं सोलून देत होते. मनात म्हटलं, आता विचारावं, हीच वेळ.

"मजा आली ना अण्णा? असेच जाऊ आपण सगळीकडे. मग गावाचं खूळ..."

"तुझी आई काय म्हणायची आठवतं?" अण्णांनी मला मध्येच तोडलं. "विहिरीजवळचा धुण्याचा दगड. एका बाजूने खचलाय, सगळं पाणी पायांवर येतं. म्हणायची, जगाची इंजिनं उचलता आणि माझा एक दगड सरळ करत नाही. मी म्हणायचो, उद्या. तीस वर्षं उद्या."

"आणि तू. तू मला चांगलं उचललंस. वायर नीट, कोन नीट, कागदपत्रं चोख. पण चार बोटं उचलून थांबली नाहीस. विचारलं नाहीस, अण्णा, कुठे बसायचंय."

मला राग आला. खरं सांगते, आधी रागच आला. रात्रंदिवस ज्यांच्यासाठी मरमर करावी त्यांनी असं म्हणावं? मी म्हटलं, "आणि तिकडे एकटे पडला असता तर?"

"पडलो असतो," अण्णा म्हणाले. "तुझ्या घरीही पडलोच की."

संत्र्याची फोड हातात धरून मी रडले. अण्णांनी ती फोड माझ्या हातातून घेतली आणि खाल्ली. नंतर मी त्यांच्या उजव्या हातावर हात ठेवला. सांगायला लाज वाटते, पण मनगट मोडल्यापासून मी तो हात औषध लावायलाच धरला होता.

निघताना उजवी चप्पल सापडेना. खाचा बऱ्याच शिळांना होत्या, आणि चप्पल त्यातल्या कोणत्या शिळेखाली ठेवली ते अण्णाच विसरले होते. त्या निळ्या जाकिटातल्या बाईसकट आम्ही चौघांनी पाऊण तास देवळाभोवती शोधली. लेक म्हणत होती, "आजोबा, फाइव्ह थाउजंड इयर्स नंतर कुणीतरी शोधेल आणि म्हणेल, हा यांचा देव!" शेवटी चप्पल मिळाली.

परत आलो तेव्हा चांगीवर सवयीने मी पासपोर्टसाठी हात पुढे केला. अण्णांनी आपला पासपोर्ट शर्टाच्या खिशात ठेवला आणि खिशाचं बटण लावलं. मी हात मागे घेतला.

घरी आल्यावर आठवडाभराने मी विचारलं. आधी सराव केला होता. "अण्णा, कुठे राहायचंय तुम्हाला?"

अण्णांनी बराच वेळ चेंडू दाबला. हो, तो टीव्हीवरचा रबरी चेंडू आता त्यांच्या हातात असायचा. मग त्यांनी दुसऱ्या हाताची चार बोटं वर केली.

"एक महिना. जाऊन बघतो. मग बोलू."

एप्रिलच्या मध्यावर ते गेले. एकटे. मी शेजारच्या काकूंना फोन केला, डॉक्टरांना फोन केला, रिक्षावाल्याला फोन केला, आणि मग लेक म्हणाली, "आई, इनफ. आजोबा इज नॉट अ शिप." तेव्हापासून दिवसातून एकदाच, संध्याकाळी. पहिले दहा दिवस मी यार्डात सगळ्यांवर खेकसत होते. अण्णा फोनवर आंब्यांबद्दल, विहिरीच्या पाण्याबद्दल, शेजारच्या कुत्र्याबद्दल बोलायचे. हाताबद्दल मी विचारत नव्हते, तेही सांगत नव्हते.

विसाव्या की एकविसाव्या दिवशी मी साइटवर होते. क्रेनला लटकलेला तुकडा चार बोटं वर थांबला होता, आम्ही सगळे मान वर करून बघत होतो. काम संपल्यावर फोन पाहिला. आधी लेकीसाठी आवाजाचा निरोप होता, तो तिने मला पुढे पाठवला होता. अण्णा धापा टाकत, पण खुशीत सांगत होते, "ऐक गो, नदीतले गोल दगड आणून बघितले. नुसते ठेवले तर रुततात. पण खाली एक फळी आणि वर एक फळी टाकली की चालतात! ज्याने ते लिहिलं होतं त्याने पहार धरलेली असणार. तुझ्या शाळेत सांग." मागे कुणीतरी हसत होतं आणि कुत्रा भुंकत होता.

आणि मला एक फोटो. विहीर, ओली माती, तीन-चार गोल दगड, दोन फळ्या, आणि मधोमध आईचा धुण्याचा काळा दगड. सरळ. त्यावर एक बादली पाणी ओतलेलं, आणि पाणी विहिरीच्या उलट बाजूने, माडाच्या मुळाकडे वाहत चाललेलं. फोटोखाली एकच शब्द: "सांग."

मी यार्डातल्या त्या उन्हात हेल्मेट काढून उभी राहिले. चौऱ्याहत्तर वर्षं, मोडलेलं मनगट, ओला उतार. ओरडण्यासारखं सगळं होतं, आणि बोटं फोनवर तयारही झाली होती. मी फोटो मोठा केला. लांबी पाहिली, जाडी पाहिली. डोळ्यांनीच.

"तीनशे किलो," मी लिहिलं.

"दोनशे नव्वद. सुधारलीस."

मग मला राहवलं नाही. मी विचारलं, "किती माणसं होती?"

"शेजारचे तिघे."

"आणि पहार कुणी धरली?"

उत्तर यायला वेळ लागला. अण्णा उजव्या हाताच्या एका बोटाने, सावकाश टाइप करतात.

"मी."